वीसपैकी अठरा

संध्याकाळी साडेपाच ते सात गिरण बंद, हा नियम काशीराम घागांनी दोन वर्षांपूर्वी केला आणि शिरगावच्या तिठ्यावरच्या गिऱ्हाइकांनी तो कुरकुरत का होईना, पाळला. गिरण चालू असली की मागच्या खोलीत माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे, आणि त्या दीड तासात काशीरामांचा हर्षद इंग्रजी ऐकत असे.

ऐकत असे, कारण वाचता येत नव्हतं. हर्षदच्या डोळ्यांचे पडदे अकरावीपासून कडेकडेनं विझत आले होते. बारावीत नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसायचं. आता पंचविसाव्या वर्षी उजेड आहे की अंधार, एवढंच कळत होतं. बारावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियरवरच्या रेघा त्याला दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्याची जोडीदार मनस्वी होती. ती रेघा वाचायची, तो आकडेमोड करायचा, आणि दोघांची जर्नलं वर्गात सगळ्यांत नेटकी असायची. पुढे मनस्वी बी.एस्सी.ला गेली. हर्षदला कॉलेजातल्या सगळ्यांनी समजावलं की प्रयोगशाळेत काचेची भांडी असतात, ॲसिडं असतात, तू आपला बी.ए. कर. तो बी.ए. झाला. पण अजूनही मनस्वीनं कुठला प्रयोग सांगायला घेतला की त्याची बोटं टेबलावर नसलेलं काहीतरी जुळवायला लागत.

मनस्वी आता आंब्याच्या रसाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. रसाची गोडी मोजायची, आंबटपणा मोजायचा, वहीत लिहायचं. पाचला सुटायची, एसटीनं तिठ्यावर उतरायची आणि गिरणीच्या मागच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडायची. हर्षद सरकारी बँकेतल्या कारकुनाच्या परीक्षेला बसत होता. गणित, तर्क, सामान्य ज्ञान, सगळ्यात तो पुढे. घोडं अडायचं ते इंग्रजीत, आणि इंग्रजीतही उताऱ्यात. एक छोटा उतारा, खाली पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. डोळस माणूस प्रश्न वाचून पुन्हा उताऱ्यात डोकावतो, वाक्य शोधतो. हर्षदला अख्खा उतारा डोक्यात धरून ठेवावा लागे.

मनस्वी जेवणाच्या सुट्टीत चार उतारे आधीच पेन्सिलीनं सोडवून ठेवायची, म्हणजे संध्याकाळी वेळ जायला नको. मग ती उतारा दोनदा वाचायची, प्रश्न वाचायची, चारही पर्याय वाचायची, आणि हर्षद मान किंचित कलती करून सांगायचा, "बी." पुढच्याला, "डी." दिवसाचे वीस प्रश्न. वीसपैकी अठरा. वाईट दिवस असला तर सतरा.

आणि परीक्षेत दोनदा नापास.

दोन्ही वेळा बाकी सगळं उत्तम आणि इंग्रजीत दोन-तीन गुणांनी मागे. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला लेखनिक मिळतो. तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो, त्यामुळे मनस्वी चालत नव्हती. मिळेल तो घ्यायचा. काशीरामांनी दोन्ही वेळा लेखनिकालाच धरलं. "पहिल्या साली होता तो शब्द गिळायचा. दुसऱ्या साली ती पोर, तिला जांभया येत होत्या. माझ्या पोराचा काय दोष नाय." मनस्वीनंही मान डोलावली होती. हर्षद मात्र म्हणाला होता, "आणखी एकदा बसतो. नाही झालं तर गिरणीत बाबांच्या स्टुलावर बसतो, ते कायमचं."

तिसऱ्या परीक्षेला तीन महिने उरले असताना मनस्वीचा घसा बसला. नुसती फुसफूस. तिनं शेजारची नववीतली सानिका बरोबर आणली. सानिका इंग्रजी माध्यमातली, वाचायला खणखणीत. तिनं चार उतारे वाचले. वीसपैकी नऊ.

"घाईनं वाचलंस गो," काशीराम म्हणाले. "रेल्वेस्टेशनवर बोलतात तसं."

"काका, मी किती हळू वाचलं!" सानिका रडवेली झाली. "सर म्हणतात माझं प्रोनन्सिएशन बेस्ट आहे."

दुसऱ्या दिवशी मोबाइलमधल्या वाचणाऱ्या आवाजाला काम दिलं. हर्षद दिवसभर त्याच आवाजात बातम्या ऐकायचा, निरोप ऐकायचा, त्याला त्याची सवय होती. पुन्हा नऊ.

"त्या मशीनला भावना नाहीत," हर्षद म्हणाला. "तुझा घसा बरा होऊ दे."

घसा बरा झाला आणि आकडा अठरावर आला. घरात सगळ्यांचं समाधान झालं. मनस्वीचं झालं नाही. एकाच रसाची गोडी दोन उपकरणांवर दोन निघाली, तर रसाला बोल लावायचा नाही, आधी उपकरण तपासायचं, हे तिला कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. इथे उपकरण कोण होतं? तिनं बसमध्ये हिशेब मांडला आणि तो तिच्यापाशीच येऊन थांबला.

तिनं हर्षदला काही न सांगता एक प्रयोग मांडला. रोज चारपैकी दोन उतारे आधी सोडवलेले आणि दोन अजिबात न पाहिलेले, तिच्यासाठीही कोरे. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. आठ दिवस तिनं आकडे लिहिले. सोडवलेल्या उताऱ्यांत हर्षद दहापैकी नऊच्या खाली एकदाही आला नाही. कोऱ्या उताऱ्यांत पाच, सहा, पाच, चार, सहा, असंच.

म्हणजे हर्षद उताऱ्यातून उत्तर काढत नव्हता. बरोबर पर्याय आला की मनस्वीच्या आवाजात काहीतरी होत होतं, आणि ते त्याला कळत होतं. दळण संपत आलं की जात्याचा सूर कुठे बदलतो, हे बाहेर बसून सांगणारा माणूस तो. त्याला हे अवघड नव्हतं.

तीन दिवस तिनं ते कागद पर्समध्ये ठेवले. त्या तीन दिवसांत ती रोज गेली, रोज वाचलं, रोज अठरा. हर्षद खूश होता. वाचून झालं की तो विचारायचा, आज काय मोजलंस? मग ती सांगायची, आणि काशीराम चहा आणून ठेवायचे. सांगितलं नाही तर हे असंच चालणार होतं, परीक्षेपर्यंत, आणि नापास झाला तर परीक्षेनंतरही. स्टुलावर बसलेला हर्षद कुठे जाणार नव्हता. साडेपाच ते सात दर संध्याकाळी तिथेच असता. हे तिच्या मनात आलं, आणि मनात आलं याचीच तिला इतकी लाज वाटली, की चौथ्या दिवशी तिनं पुस्तक उघडण्याआधी कागद काढले.

हर्षदनं सगळं ऐकून घेतलं. आकडे तिला दोनदा वाचायला लावले.

"म्हणजे मला इंग्रजी येत नाही."

"येतं. वीसपैकी नऊ-दहा येतं."

"आणि वरचे आठ?"

"ते माझे."

"मी मुद्दाम नाही करत," तो म्हणाला. "मला खरंच वाटायचं की मला समजतंय. बी आला की आतून वाटायचं, हाच."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? दोन वर्षं!" त्यानं टेबलावर थाप मारली. चहा सांडला. "आणि तुला हे मोजायचं सुचलं कशाला गं? कुणी सांगितलं होतं मोजायला?"

दारात काशीराम आले. "काय झाला?"

"काही नाही, बाबा. लेखनिकाचा दोष नव्हता, एवढंच."

त्या दिवशी ती वाचल्याशिवाय परतली. दुसऱ्या दिवशी हर्षदचाच फोन. "ये. दुरुस्त करू. तुझा आवाज सपाट कर."

त्यांनी खूप खटपट केली. मनस्वीनं स्वतःचं वाचन मोबाइलवर घेतलं आणि सेकंद मोजले. बरोबर पर्याय वाचायला तिला इतरांपेक्षा जरासा जास्त वेळ लागत होता, आणि त्याच्या आधी एक बारीक थांबा. तिनं तो थांबा काढला. घड्याळ लावून चारही पर्याय सारख्या वेळात वाचायला शिकली. वीसपैकी सतरा.

"आता काय ऐकलंस?"

"सांगता येत नाही."

"प्रयत्न कर ना. उंच जातो आवाज? खाली?"

"मनस्वी, वासाबद्दल विचारल्यासारखं आहे हे. आंबा पिकला ते कळतं. कशावरून, ते तू मोज."

दुसरा कुणीतरी वाचायला हवा होता, आणि रोज नवा हवा होता, कारण परीक्षेतला आवाजही अनोळखीच असणार. साडेपाचला गिरणीच्या ओट्यावर डबे, पिशव्या घेऊन माणसं टेकलेली असतच, सातची वाट बघत. तोवर त्यांना काम नव्हतं. मनस्वीनं स्वतः न सोडवलेल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि कारण सांगून ज्याला वाचता येतं त्याच्या हातात दिल्या.

पहिला मान दादूचा. दादू तिठ्यावरचा रिक्षावाला, बारावी पास, आणि उत्साह दांडगा. तो उभा राहून वाचायला लागला आणि वाक्य संपलं की मोठ्यानं म्हणायचा, "फुलस्टॉप."

"दादू, फुलस्टॉप वाचू नको रे," हर्षद म्हणाला.

"मग दिलाय कशाला? उद्या तू म्हणशील, दादूनं अर्धाच वाचला."

"कॉमापण वाचू नको."

"बघ हां. मग वाक्य कुठे मोडतंय ते तुझं तू बघ."

मग मथुराकाकू. मिरकरवाड्यातनं मासळी आणून घरोघर विकायच्या. दहावी झालेल्या, पण इंग्रजीशी बोलणं सोडून वीस वर्षं झालेली. त्या एकेक शब्द पाण्यातल्या दगडावर पाय ठेवावा तसा टाकायच्या, आणि मध्येच उताऱ्याशी भांडायच्या. "हा कुठल्या थंड देशातला मेयर. रस्ता बंद केला म्हणून लोक सायकलीवर बसले. आपल्याकडे रस्ता बंद केला तर लोक मेयरच्या छातीवर बसतील."

"काकू, प्रश्न वाचा."

"वाचत्ये. दम तर खा. आमच्या गाड्याला ब्रेक वेगळा असतो."

ओटा हसायचा. हर्षदही हसायचा, आणि वीसपैकी आठ काढायचा. दहा काढायचा. मनस्वी कोपऱ्यात धान्य मोजायच्या पालथ्या पायलीवर बसून आकडे लिहायची. तोंडातून शब्द काढायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मथुराकाकूंनी वाचलं आणि चौदा आले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. काकूंनी मात्र कागद खाली ठेवला.

"मनस्वी, आजचं तू आधी सोडवलं होतंस काय गो?"

तिनं सोडवलं होतं. दुपारी वेळ होता, जुनी सवय, हात गेला.

"मग चौदा माझे नव्हेत," काकू म्हणाल्या. "मी ह्याच्या पुढ्यात बसून वाचत्ये, नि हा कान तुझ्याकडे करून बसतो. गिऱ्हाईक माझ्याशी भाव करताना शेजारणीच्या टोपलीत बघतं ना, तसा. मला कळतं ते."

"मी काहीच केलं नाही, काकू. मी बोललेसुद्धा नाही."

"तू श्वास घेतेस की नाय?"

हर्षदची मान खाली गेली होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दादू काहीतरी विनोद करणार होता, पण त्यानं काकूंकडे पाहिलं आणि आपला डबा उचलून दुसरीकडे ठेवला.

मनस्वी उठली. "उद्यापासून झेरॉक्स सानिकाबरोबर पाठवते," ती म्हणाली. "परीक्षा होईपर्यंत मी येत नाही."

"फोन?" हर्षदनं विचारलं.

तिनं विचार केला. फोननं काही बिघडत नव्हतं. पण बोलायला लागली की तो विचारणार, आणि ती सांगणार, आणि ती सांगताना तो कान लावणार. "लिहून पाठवीन," ती म्हणाली.

पाच आठवडे. पाचची एसटी तिठ्यावर थांबायची. गिरण बंद असायची, त्यामुळे इंजिनाच्या घरघरीतूनही ओट्यावरचा एखादा शब्द बसपर्यंत यायचा, बहुतेक करून दादूचा. खिडकीतून दिसायचं की कुणीतरी दाराशी उजेडाला कागद धरून उभं आहे. हर्षद आत असायचा, तो दिसायचा नाही. कंडक्टरला आठवडाभर वाटत राहिलं की ही उतरायची विसरली. "ताई, तिठा," तो म्हणायचा. मग त्यानंही सोडून दिलं. ती पुढच्या थांब्यावर उतरून घरापर्यंत चालत जायची. त्या चालण्यात तिला दिवसभरात मोजलेलं सगळं आठवायचं, कुणाला सांगायचं नसतानाही.

रात्री जेवायच्या सुमारास हर्षदचा आवाज मोबाइलवर यायचा. "आज दहा." "आज बारा, दळणाला आलेल्या केरूनानांनी चष्मा विसरून वाचलं तरी." "आज तेरा, पण एक नुसता अंदाज, तो धरू नको." ती तो निरोप एकदा आकड्यासाठी ऐकायची आणि एकदा नुसताच. उत्तर टाइप करायची. तिला ठाऊक होतं की तिचे शब्द तिकडे त्या मशीनच्या आवाजात वाचले जाणार, सगळ्या शब्दांना सारखंच वजन देऊन. म्हणून ती थोडकंच लिहायची. "छान. उद्या मोठा उतारा आहे. आधी प्रश्न ऐक, मग उतारा."

एकदा त्यानं विचारलं, "तुमच्या रसाचं काय?" तिनं लिहायला घेतलं. हापूस अजून कच्चा येतोय, गोडी चढत नाही, पण वास असा आहे की प्रयोगशाळेचं दार उघडलं की... तिनं ते पुसलं आणि लिहिलं, "सीझन अजून सुरू नाही."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तेरा, चौदा, चौदा, पंधरा. तिनं आलेखाच्या कागदावर टिंबं मांडली. रेघ वर जात होती आणि तिच्यात तिचा एकही गुण नव्हता. तिला आनंद झाला, अगदी खरा. रेघ पुन्हा पुन्हा बघून मग कागद घडी करून ठेवला.

परीक्षा कोल्हापूरला झाली. लेखनिक म्हणून कॉलेजातला पहिल्या वर्षाचा एक मुलगा मिळाला, नाकात बोलणारा. हर्षदनं बसस्टँडवरूनच फोन केला. "दादूपेक्षा बरा होता," एवढंच म्हणाला. आवाज थकलेला होता आणि तिला त्यावरून काहीच कळलं नाही. तिला नवल वाटलं की आपल्याला का कळत नाही.

मग आंबा आला. कारखाना दोन पाळ्यांत चालू झाला, मनस्वी सकाळी सातला जायची ती अंधार पडता यायची, आणि 'परीक्षा झाली की येते' हे एप्रिल, मे करत लांबत गेलं. निकाल लागला तो तिला सानिकाकडून कळला. इंग्रजीत चार गुण वर. सगळं धरून पास. नेमणुकीचं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं आणि त्या संध्याकाळी ती साडेपाचला तिठ्यावर उतरली.

गिरण बंद होती. नियमाची आता गरज नव्हती, पण काशीरामांना सवय झाली होती. ओट्यावर सगळी मंडळी होती आणि श्रेयाची वाटणी चालली होती.

"माझ्या फुलस्टॉपनं पास झाला," दादू म्हणत होता. "कुठे थांबायचं ते मी शिकवलं."

"तुझं ऐकून तर तो बी.ए.सुद्धा विसरला असता," मथुराकाकू म्हणाल्या. "ते मेयरचं मी वाचलेलं. तसलाच आला होता की नाय रे परीक्षेत?"

"मेयर नव्हता, काकू. मधमाश्या होत्या."

"एकच ते."

मनस्वी पायरीशी उभी होती. चप्पल काढली नव्हती, बोलली नव्हती. हर्षद काकूंना काहीतरी सांगता सांगता थांबला.

"मनस्वी आली," तो म्हणाला.

काशीरामांनी वळून पाहिलं. "आली गो बाय! ये. पेढा घे. तू नव्हतीस म्हणून दिवस मोजत होता हा. मी म्हटलं, आंब्याचं दिवस, ती येईल कशी."

पेढा खाल्ला. काकूंनी दादूला ढोसून उठवलं, "चल, मला बंदरावर सोड," आणि ओटा हळूहळू रिकामा झाला. मागच्या खोलीत टेबल तसंच होतं. हर्षदनं खणातून लिफाफा काढला आणि तिच्यासमोर धरला.

"वाचून दाखव."

"ऐकलं नाहीस अजून?"

"मोबाइलनं वाचलं. बाबांनी वाचलं. दादूनं फुलस्टॉपसकट वाचलं. भंडाऱ्याची शाखा आहे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सगळं पाठ आहे." तो खुर्चीत मागे टेकला. "आता तू वाचलंस तर काही बिघडत नाही ना?"

"नाही. आता काही बिघडत नाही."

तिनं पत्र उलगडलं. इंग्रजीत होतं, पानभर. ती वाचायला लागली. जवळजवळ चार महिने तिनं मोठ्यानं काहीच वाचलं नव्हतं. आवाज पहिल्या ओळीला जरा चिकटला, मग सुटला. नाव, पत्ता, परीक्षेचा क्रमांक. कळवण्यास आनंद होतो की. भंडारा शाखेत. सोळा जून रोजी सकाळी दहा वाजता हजर व्हावं. पगार, भत्ते, सहा महिन्यांची परिवीक्षा.

हर्षदची मान किंचित कलती झाली होती.

"तारखेशी थांबलीस," तो म्हणाला.

"नाही थांबले."

बाहेर काशीरामांनी पट्टा चढवल्याचा आवाज झाला, पण गिरण त्यांनी सुरू केली नाही. वाचणं चालू आहे, हे त्यांना दिसत असावं.

"पुढे वाच," हर्षद म्हणाला.

पुढे बरोबर आणायच्या कागदपत्रांची यादी होती. पदवीचं प्रमाणपत्र. गुणपत्रिका. अपंगत्वाचा दाखला. रहिवासाचा पुरावा. फोटो, चार प्रती. मनस्वीनं प्रत्येक ओळ शक्य तितकी सावकाश वाचली, आणि ओळ संपली की पुढची सुरू करण्याआधी थांबली. यादी नऊ ओळींची होती.